एकेक पायरी

१

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं घर चौथ्या मजल्यावर, आणि त्याच्याच इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जिन्यात भेटेल तो माणूस धापा टाकत एकदा तरी हा विनोद करायचाच, आणि मिस्त्रीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. आता कोणी करत नाही. मुलगा गेल्यापासून मिस्त्री समोरून आला की लोक खिशातल्या किल्ल्या चाचपायला लागतात.

गेल्यापासून म्हणजे मेल्यापासून नव्हे हं. तसं कोणी सुचवलं तरी मिस्त्रीची बायको त्या माणसाशी बोलणं टाकते. मुलगा विशीतला, ताडमाड उंच, मान पुढे काढून चालणारा, म्हणून आई त्याला लाडानं उंट म्हणायची. तो एका दुपारी पायात चपला सरकवून खाली उतरला आणि वर आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही, प्रेमप्रकरण नाही, काही नाही. पोलीसचौकीतले साहेब म्हणाले, "सज्ञान मुलगा आहे, येईल." पुढे पुढे नातेवाईक म्हणायला लागले, "करण्यासारखं होतं ते सगळं केलंत. आता पुढे चला." सांगायला काय जातं त्यांचं?

मिस्त्रीची सकाळपाळी. दुपारी घरी यायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि मुलाच्या खोलीत त्याच्या लॅपटॉपसमोर बसायचं, हा आता नेम झाला होता. त्या लॅपटॉपवर मुलानं एक एम्युलेटर घालून ठेवला होता. एम्युलेटर म्हणजे सोंग. आजचा कॉम्प्युटर जुन्या जमान्यातल्या एखाद्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो आणि इतकं हुबेहूब वठवतो की तेच ते निळे काठ, तीच ती चौकोनी अक्षरं. मुलगा त्यावर यंत्राच्या मूळ भाषेत, असेंब्लीत, कायकाय लिहीत बसायचा. "बाबा, जन्मभर तुम्ही मशीनचे कान पिळलेत," म्हणायचा, "एकदा त्याच्या भाषेत त्याच्याशी बोला. पडद्यावर एक चांदणी उमटवून दाखवलीत तर मानलं तुम्हाला!"

तेव्हा मिस्त्रीनं हसण्यावारी नेलं. आता मात्र त्यानं ते मनावर घेतलं होतं, आणि का घेतलं होतं ते तो मेला तरी कोणाला सांगणार नव्हता. चांदणी उमटली की पोरगा दारात उभा राहील, असा एक खुळा सौदा त्यानं मनातल्या मनात करून टाकला होता. अक्कल गहाण पडली की माणूस असे सौदे करतो. पण दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

त्या दुपारी प्रोग्रॅम लिहून झाला. प्रोग्रॅम कसला, दोन हुकूम. चांदणीचा आकडा हातात घे. छापणाऱ्याला हाक मार. मिस्त्रीनं जीव मुठीत धरून तो चालवला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात टपकन एक चांदणी आली.

"अगं, आली!" तो ओरडला. शेजारच्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज तसाच येत राहिला. बायकोनं ऐकलं नव्हतं.

मग पडदा गोठला. कोणतंही बटण दाबा, ढिम्म. आणि त्याच वेळी खालून जिन्यानं कोणीतरी धावत वर आलं. भयंकर वेगानं, एकाही वळणावर न थबकता. पावलं दारापर्यंत आली, दारावरून पुढे गेली, गच्चीचा जिना चढली आणि मिस्त्रीच्या डोक्यावरून, गच्चीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. कठड्यापाशी आवाज संपला.

मिस्त्री उठून वर गेला. गच्चीच्या दाराला जिन्याच्या बाजूनं कुलूप होतं.

२

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दूरच्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करायचा. मिस्त्रीनं त्याला फोन लावला. पावलांचं काही बोलला नाही. कुलूप लागलेल्या गच्चीवर माणसं धावतायत असं सांगितलं असतं तर पठ्ठ्यानं बहिणीला फोन करून दाजींना डॉक्टरकडे न्या म्हटलं असतं.

"असेंब्ली? दाजी, तुम्ही?" मेहुणा हसायला लागला. "अहो, आमच्या आख्ख्या ऑफिसात कोणाला येत नाही ती!"

"थट्टा मागाहून कर. चांदणी येते आणि मग सगळं ठप्प होतं."

"ठप्प नाही होत. तुम्हाला दिसत नाही, पण ते धावतच असतं. मेमरी म्हणजे खणांची एक लांबच लांब रांग समजा. एका खणात एक हुकूम. मशीन खण उघडतं, हुकूम पाळतं, पुढचा खण. तुमचे दोन हुकूम संपले हे त्याला कोण सांगणार? ते बिचारं पुढचे खण उघडत सुटलं."

"पुढच्या खणांत मी काही लिहिलेलंच नाही. नुसती शून्यं आहेत."

"शून्य हाही हुकूमच की. शून्य म्हणजे, काही करू नकोस, पुढे चल."

हा हुकूम तर मिस्त्रीला सगळे सोयरेधायरे मिळून कधीपासून देत होते.

"पण एक कळत नाही," मेहुण्याचा आवाज जरा बदलला. "मेमरी संपली की ते गोल फिरून पहिल्या खणावर येतं आणि मशीन नव्यानं चालू होतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. तुमचं झालं नाही तसं?"

"नाही. चालूच राहिलं."

"चालू राहून जाईल कुठे? खण मोजकेच असतात. दाजी, असं करा, एकेक पायरी चालवून बघा. त्याचं वेगळं बटण आहे. एकदा दाबलं की एकच खण पुढे. कुठे बिनसतंय ते दिसेल. आणि हो, शेवटी तुम्ही... बरं थांबा, साहेब बोलावतायत. नंतर बोलू."

फोन ठेवून मिस्त्री पडद्याकडे बघत बसला. खण मोजकेच असतात. मग ते धावत कुठे गेलं?

३

पायरीचं बटण त्याला सापडलं. पडद्यावर एका बाजूला खणांची उभी यादी आली आणि चालू खणासमोर एक छोटा बाण. त्यानं प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू केला. चांदणी छापून झाली, बाण पहिल्या शून्यावर येऊन थांबला. इथून पुढे सगळं कोरं.

मिस्त्रीनं बटण दाबलं. बाण एक घर खाली सरकला. जिन्यात, खूप खोल, ठक्.

त्यानं पुन्हा दाबलं. ठक्.

छे! पाण्याच्या पाइपात हवा अडकली की असेच ठोके येतात. नाहीतर कोणीतरी जड पिशवी घेऊन थांबत थांबत चढत असेल. मिस्त्रीचा जन्म यंत्रांचे आवाज ऐकण्यात गेला होता. कुठलं चाक झिजलंय, कुठला दोर सैल झालाय, ते तो डोळे मिटून सांगायचा. यंत्र खोटं बोलत नाही, माणसाचा कान खोटं बोलतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून त्यानं कानाची परीक्षा घ्यायची ठरवली. दोनदा झटकन दाबलं. दोनदा ठक्ठक्. मग हात मांडीखाली दाबून बसून राहिला. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होऊन निघून गेली. बायकोनं एक आख्खी शिवण मारून संपवली. जिन्यात काही नाही. बटण दाबलं. ठक्.

त्यानं बाहेर जाऊन कठड्यावरून वाकून पाहिलं. जिना रिकामा. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलेलं, कोणाची तरी सायकल भिंतीला टेकवलेली. भुताखेतांना हवी असते तशी अवकळा नावालाही नव्हती. मिस्त्रीला स्वतःची लाज वाटली. परत येऊन खुर्चीत बसला आणि या खेपेला बटण दाबून कान टवकारून ऐकलं.

ठक्. आणि त्याच्या शेपटाला, सर्र.

लहानपणी सायकलवरून पडल्यापासून मुलाचा डावा पाय घासायचा. चपलेची टाच वर्षभरात एका बाजूनं झिजून कागद व्हायची. ठक् उजव्या पायाचा, ठक्-सर्र डाव्या पायाचा. हा आवाज ऐकून मिस्त्रीनं वीस वर्षांत कितीदा दार वाजायच्या आधी कडी काढली होती!

"उंटा," तो पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मानेवर काटा उभा राहिला. कोणतं खरं मानायचं ते त्याला कळेना.

४

शिलाई मशीन थांबलं होतं. बायको खोलीच्या दारात उभी होती, दातात दोरा तसाच.

"कोण येतंय?" ती म्हणाली.

"तुला ऐकू आलं?"

"मघापासून ऐकतेय. येतो आणि थांबतो. येतो आणि थांबतो. अहो, असं का करतोय तो?"

मिस्त्रीनं तिला बटण दाखवलं, दाबून दाखवलं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. हे कसं, ते कसं, काही नाही. त्याला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर त्यालाच वेड्यात काढेल. ती सरळ दार उघडून बाहेर गेली आणि कठड्याला पोट टेकून खाली वाकली.

"दाबा," तिचा आवाज आला.

ठक्.

"दाबा. दाबत राहा हो!"

तो दाबत राहिला. खोलीतून त्याला उघड्या दारातनं फक्त तिची पाठ दिसत होती. ती पाठ एकाएकी ताठ झाली.

"हात," ती म्हणाली. "हात दिसतोय. खालच्या कठड्यावर. त्याचाच आहे, घड्याळ त्याचंच आहे. दाबा!"

त्यानं दाबलं आणि तिनं बाहेरून सांगितलं की हात कठड्यावरून एक वीत पुढे सरकला. मग तिला धीर निघाला नाही. ती हाका मारत, पायऱ्या गाळत खाली धावली. मिस्त्री बटणावर बोट धरून थिजून बसला. थोड्या वेळानं ती वर आली, घामानं निथळत, रिकाम्या हातांनी.

"कोणी नाहीये तिथे," ती म्हणाली. "मी पार तळापर्यंत जाऊन आले." एवढं बोलून ती पुन्हा कठड्याशी गेली, वाकली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आहे. होता तिथेच आहे. वरून दिसतो. जवळ गेलं की नसतो."

मिस्त्रीला सकाळची पावलं आठवली. सकाळची कसली, तासाभरापूर्वीचीच. दारावरून धावत गेलेली, गच्ची ओलांडून कठड्यावरून पलीकडे नाहीशी झालेली. म्हणजे तोच होता तो. मिस्त्रीनं त्याला धावायला लावलं होतं. कुठे थांबायचं ते सांगितलं नव्हतं, म्हणून तो बिचारा स्वतःच्या दारावरून पुढे निघून गेला होता.

हे त्यानं बायकोला सांगितलं नाही.

५

एकेक पायरी करत त्यांनी त्याला वर आणला. बायको कठड्याशी, मिस्त्री बटणाशी. शेवटच्या वळणावर ती घरात आली, दार लावून घेतलं आणि दाराच्या भिंगाला डोळा लावला. वरून दिसतो तर भिंगातूनही दिसेल, असं तिचं म्हणणं. आईच्या डोक्यापुढे कोणाचं काय चालणार?

"आला. बास, बास! दारासमोर आहे."

मिस्त्रीनं बोट उचललं. लॅपटॉप तसाच टेबलावर ठेवून तो पाय न वाजवता दाराशी गेला. बायकोनं बाजूला होऊन त्याला बघू दिलं.

भिंगात सगळं वाकडं, गोलसर दिसतं. समोरचं बंद दार, पायपुसणं, आणि मधे मुलगा. दाराकडे त्याची कूस होती. तो दाराकडे बघतच नव्हता, वरच्या जिन्याकडे तोंड करून उभा होता. एक कान दिसत होता, गालाची कड दिसत होती, पुढे काढलेली मान. अंगात त्याच दिवशीचा शर्ट. बाहीवर इस्त्रीची घडी अजून धारदार होती. ती इस्त्री त्याच दुपारी आईनं केली होती आणि मधे सगळा उन्हाळा होऊन गेला होता.

डावा पाय हवेत उचललेला होता. तो पाऊल टाकत असतानाच मिस्त्रीनं बोट उचललं होतं ना, म्हणून.

बायकोनं कडी काढून दार सताड उघडलं. बाहेर पायपुसणं, समोरचं दार. बाकी कोणी नाही. दार लावलं, भिंगातून पाहिलं. उभा.

तिनं तीन-चारदा तसं केलं. त्या खडखडाटानं समोरच्या मावशी बाहेर आल्या. मावशींना जिन्यात पान हललेलं कळतं.

"काय हो, कोण आलंय?" म्हणत त्या पायपुसणं ओलांडून नेमक्या त्या जागी येऊन उभ्या राहिल्या. "कधीपासून दाराची उघडझाप चाललीय. कडी बिघडली की काय? मिस्त्रींच्या घरात कडी बिघडावी म्हणजे..."

"बाजूला व्हा!" बायको किंचाळली. "बाजूला व्हा तिथून!"

मावशींचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची कणव आली, जी मिस्त्रीला चपराकीपेक्षा जास्त लागायची. त्या घरात गेल्या आणि दार अगदी हलक्या हातानं लावून घेतलं.

बायको पुन्हा भिंगाशी. "पाय थरथरतोय हो त्याचा," ती म्हणाली. "एका पायावर किती वेळ उभा राहील?"

"मग पुढे दाबतो."

"पुढे दाबलंत तर तो वर जाईल! बघत नाही का, तोंड वर आहे त्याचं."

"पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का? खालून आणू, तोवर काहीतरी सुचेल."

"नाही!" तिनं मागे न बघता हात उगारला. "पुन्हा खालून नाही. दमलाय तो. तुम्हाला कळत कसं नाही? पहिल्या मजल्यावर नीट वाजत होतं पाऊल, वर येईतो किती घासायला लागला. आता थांबवा. काहीही करा, पण त्याला घरात घ्या."

काहीही करा. मिस्त्रीनं जन्मात अडकलेल्या लिफ्टमधून किती माणसं बाहेर काढली होती. मजला आणि लिफ्टचा पाळणा यांच्यात हातभर अंतर असलं की माणसं रडकुंडीला येतात, तेव्हा तो वरून सांगायचा, घाबरू नका, मी आहे. इथे त्याचं स्वतःचं पोर दारापासून हातभर अंतरावर लटकलं होतं आणि त्याला कुठला नट फिरवायचा तेवढंही ठाऊक नव्हतं. त्यानं कपाळ बडवून घेतलं. मग फोन उचलला.

६

"दाजी, मी खरंच कामात आहे..."

"एकच सांग," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज असा होता की मेहुणा गपकन थांबला. "पुढे जात राहतं ते. त्याला थांबवायचं कसं? नुसतं थांबवायचं नाही, थांबलंय ते. त्याला आणायचं कसं?"

"आणायचं? दाजी, तुम्ही बरे आहात ना? ताई कुठाय?"

"तुझी ताई इथेच आहे. तू सांग."

"अहो, सोपं आहे. मघाशी तेच सांगणार होतो. शेवटी रिटर्न टाकला नाहीत तुम्ही. पहिल्या प्रोग्रॅमला सगळे हेच विसरतात."

"रिटर्न म्हणजे परत."

"हो. एक हुकूम, एकच खण. तो आला की मशीन पुढे जायचं थांबतं आणि जिथून आलं तिथे परत."

"जिथून निघालं तिथे," मिस्त्री म्हणाला.

"तेच ते."

"म्हणजे घरी."

मेहुणा हसला. बिचाऱ्याला काय माहीत? "हो, घरीच म्हणा हवं तर. बाण आत्ता जिथे आहे, त्या खणात शून्य पुसून रिटर्नचा आकडा भरा आणि बटण दाबा. झालं काम. दाजी, ताईला द्या ना जरा फोन..."

मिस्त्रीनं फोन बंद केला. त्याचं डोकं एकदम निवळलं होतं. इतकं साधं होतं तर! जो निघालाय त्याला पुढे चल, पुढे चल म्हणत राहिलं तर तो कसा यायचा? कोणीतरी परत म्हणायला हवं होतं. सगळ्या जगात ते कोणी म्हटलंच नव्हतं.

"सापडलं!" त्यानं बायकोला ओरडून सांगितलं. "येईल आता. कडीवर हात ठेव."

"ठेवलाय," ती म्हणाली. "लवकर करा. पाय खाली येतोय त्याचा."

त्यानं बाणासमोरचा खण उघडला. शून्य पुसलं. मुलाच्या पुस्तकातून आकडा बघून भरला, दोनदा ताडून पाहिला. त्याला हसू येत होतं आणि रडूही. काय बोलायचं ते त्यानं ठरवून टाकलं. कुठे होतास, हे विचारायचंच नाही. पाणी द्यायचं, बसवायचं, चप्पल काढायची.

"तयार?"

"दाबा हो!"

त्यानं दाबलं.

७

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग पडद्यावरची खणांची यादी मिटली, बाण गेला, आणि जुना निळा पडदा परत आला. कोपऱ्यात चांदणी. तिच्याखाली त्या जुन्या यंत्राची ठरलेली पोच, सगळं ठीक. पुढे उघडझाप करणारा चौकोन. मिस्त्रीचा पहिला प्रोग्रॅम बिनचूक चालून संपला होता.

"वळला," बायको दाराशी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "वळला, वळला हो, तोंड वळवतोय इकडे..."

आणि ती बोलायची थांबली.

ती भिंगापासून मागे झाली नाही. कडीही काढली नाही. तिचा कडीवरचा हात हळूहळू खाली आला. बाहेर ठक् वाजलं, मग ठक्-सर्र. बटणावर कोणाचं बोट नव्हतं. पावलं आपली आपण चालत होती, आणि ती दाराकडे येत नव्हती.

"दार उघड!" मिस्त्री खुर्ची पाडून धावला. "अगं उघड ना!" त्यानं तिला ढकलून कडी काढली. बाहेर कोणी नव्हतं. पावलं पायऱ्या उतरत होती. घाई नाही, थबकणं नाही. तो कठड्यावर पोटाशी दुमडून वाकला. "अरे, वर ये! वर ये रे उंटा! मी तुला परत... अरे, घरी परत!"

तिसरा मजला. दुसरा. हात कुठे दिसतोय का म्हणून तो बघत होता, पण दिसला नाही, फक्त आवाज होता. पहिला मजला. समोरच्या मावशींनी दार किलकिलं केलं, त्यांनाही काहीतरी ऐकू आलं असावं, कारण त्यांनी ते लगेच लावून आतून खीळ घातली. मिस्त्री धावत उतरायला लागला. पायात वाहाण नाही, एका हातानं कठडा धरलेला, तोंडानं एकसारखं वर ये, वर ये. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याला कळलं की पावलं तळमजल्याला पोचली. आता फाटक वाजेल, रस्त्यावर तरी गाठू.

फाटक वाजलं नाही. पावलं उतरतच राहिली.

मिस्त्री जागच्या जागी थांबला. त्या इमारतीचा जिना तळमजल्याला संपतो. त्याच्या खाली फरशी आहे आणि फरशीखाली माती. लिफ्ट असती तर निदान तिचा खड्डा असता, तोही नाही. आणि तरी खालून, फरशीच्या खालून, ठक् आणि ठक्-सर्र, एकेक पायरी, दर पायरीला आणखी लांब. वीस वर्षं तो जिना वर-खाली केलेल्या माणसाला आवाज किती खोलातून येतोय ते बरोबर कळत होतं. ते कळू नये म्हणून त्यानं कान दाबून धरले.

हात काढले तेव्हा सगळं शांत होतं. तो वर आला. बायको दाराच्या चौकटीत, उंबरठ्यावर बसली होती. भिंगात काय दिसलं ते तिनं सांगितलं नाही.

"तोच होता ना?" मिस्त्रीनं विचारलं. त्याला 'नाही' असं उत्तर हवं होतं. नाही म्हण, तो आपला नव्हताच म्हण, दुसरंच काही होतं म्हण, असं तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"तुम्ही काय सांगितलंत त्याला?" ती म्हणाली.

"परत म्हटलं. एवढंच. परत."

"परत काय?" तिनं मान वर करून विचारलं. "परत ये, का परत जा?"